कोंबड्या, माश्या आणि शेजार

दिवेलागणीच्या सुमाराला तुम्ही आमच्याकडे आलात, तर दहा मिनिटं तुम्हाला ओटीवर नुसतं बसून राहावं लागेल. राग मानू नका. त्या वेळी मी मोजत असते. खुराड्याच्या फळीवरून एकेक कोंबडी आत जाते आणि मी मनातल्या मनात आकडा पुढे सरकवते. अकरा, बारा, तेरा... मध्येच कुणी हाक मारली की हिशेब चुकतो. मग वाकून, बॅटरीच्या उजेडात, पुन्हा पहिल्यापासून. चौदा भरल्या की फळी लावायची, तिला दगडाचा टेकू द्यायचा आणि मगच आलेल्याला पाणी विचारायचं.

त्यानंतर परसात जाऊन मधाच्या पेट्यांना कान लावायचा. माश्या काही मोजता येत नाहीत. एका पेटीत दहा-पंधरा हजार सहज असतात. पण आतून एकसारखा, जड, भरल्या घरासारखा आवाज आला की समजायचं, मंडळी सुखरूप आहेत. हे सगळं झालं की आमचा दिवस संपला.

बत्तीस वर्षं आम्ही डोंबिवलीत काढली. आमचे हे कंपनीत, मी शाळेत. २०१५ साली निवृत्त होऊन दापोली तालुक्यातल्या सासरच्या गावी राहायला आलो, तेव्हा आमच्याही डोक्यात निवृत्त माणसांच्या असतात त्याच कल्पना होत्या. शांतता, मोकळी हवा, झोपाळा, हातात पुस्तक. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कोंबड्याने पहाटे चारला आरवून त्यातल्या शांततेचा निकाल लावला. आता आमचाच कोंबडा आरवतो. आपल्या कोंबड्याने झोपमोड केली तर तितकंसं वाईट वाटत नाही, हा माझा अनुभव आहे.

वाटणीला आलेली जागा वीस गुंठे. त्यात घर, विहीर, अकरा माड, थोड्या पोफळी, सहा काजू आणि दोन हापूस. एका बाजूला जांभ्या दगडाचा कंबरभर उंच गडगा. गडग्यापलीकडे माझ्या चुलत दिरांचं घर आणि त्यांची हापूसची बाग. ही गोष्ट कोंबड्यांची आणि माश्यांची आहे तितकीच त्या गडग्याचीही आहे.

कोंबड्या आल्या त्या आठवड्याच्या बाजारातून. चार कोंबड्या, एक कोंबडा, सगळ्या गावठी. कुणीतरी सुचवलं, सुधारित जातीच्या घ्या, अंडी जास्त. खरंच आहे ते. पिंजऱ्यात वाढवलेली अंड्यांवरची कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. आमची गावठी साठ-सत्तर देऊन थांबते, कारण मध्येच तिच्या मनात आई व्हायचं येतं. पण ती स्वतःचं पोट स्वतः भरते. वाळवी, किडे, गवताचं बी, पडलेला भात. सकाळी तांदळाच्या कण्या आणि मुठभर कोंडा टाकला की दिवसभर तिची काळजी नाही. अंड्याचं कवच पातळ यायला लागलं, तर समुद्रावरून आणलेले शिंपले ठेचून टाकायचे. घारीची सावली अंगणावरून सरकली की कोंबडी घशातून असा काही आवाज काढते, की पिल्लं क्षणात आळवाखाली नाहीशी होतात. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

पाचांच्या दीड वर्षात एकोणीस झाल्या. मी हिशेबाची वही केली, डोंबिवलीच्या मैत्रिणींना फोनवर आकडे सांगितले. आणि एका पावसाळ्यात मानमोडी आली. या रोगाला राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातल्या त्या थंड हवेच्या गावाचं नाव एका रोगाला चिकटलं, हे त्या गावाचं दुर्दैव. पहिल्या दिवशी एक कोंबडी कोपऱ्यात पिसं फुगवून बसली. दुसऱ्या दिवशी तिघींना हिरवट जुलाब. मग एकीची मान वळायला लागली. आठ दिवसांत एकोणिसातल्या सोळा गेल्या. हे रोज माडाच्या पलीकडे खड्डा खणत होते आणि मी वहीत आकडे खोडत होते. उपाय नसतो. लागण झाल्यावर औषध नाही, फक्त आधी दिलेली लस.

ती लस स्वस्त असते, हे मला नंतर कळलं, आणि त्याबरोबर तिची अडचणही कळली. लशीची लहानात लहान कुपी मिळते ती शंभर पिल्लांची. ती बर्फात ठेवून आणायची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. उरली तर फेकायची. आता आमच्याकडे पिल्लं नऊ. नऊ पिल्लांसाठी शंभरांची कुपी कोण आणणार? म्हणून वाडीत कुणीच आणत नव्हतं, आणि दर दोन-तीन वर्षांनी सगळ्यांच्याच कोंबड्या मरत होत्या. ‘आली साथ’ म्हणून सगळे गप्प बसत.

मी घरोघर गेले. एकवीस वर्षं मुलांचे पालक गोळा करण्याची सवय असलेली बाई मी, मला ते अवघड नव्हतं. एका रविवारी सकाळी सात वाजता आमच्या अंगणात टोपल्या, हारे, एक जुनी प्लास्टिकची बादली आणि एका आजींची नऊवारीची ओटी, अशा नाना वाहनांतून त्र्याहत्तर पिल्लं जमली. मी धरायची, धाकटी जाऊ डोळ्यात थेंब टाकायची. पिल्लू आठवडाभराचं असताना हा एक थेंब, आणि आठेक आठवड्यांचं झालं की पंखाखाली टोचायची दुसरी लस. तेव्हापासून आमच्या वाडीत ‘थेंबांचा रविवार’ असतो. मानमोडी त्यानंतर आमच्याकडे आली नाही.

सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, “कोंबडी पाळायची तर आधी शेजार पाळायला शिकावं.” लग्नानंतर ऐकलं तेव्हा वाटलं, हा काहीतरी टोमणा आहे. त्याचा अर्थ कळायला मला तीस वर्षं आणि सोळा मेलेल्या कोंबड्या लागल्या.

म्हणजे निम्मा अर्थ कळला. उरलेला निम्मा कळला तो माझ्या कोंबड्या गडगा ओलांडायला लागल्यावर. गडगा माणसांसाठी असतो. कोंबडीला तो पायरी वाटतो. हिवाळ्यात धाकट्या जावेने पलीकडे माठाचा आणि मुळ्याचा वाफा केला होता. कोवळी पाती वर आली होती. माझ्या सहा कोंबड्यांनी एका दुपारी तो वाफा असा उकरला, की त्यात पुन्हा पेरायलाही काही करावं लागलं नसतं. जाऊ काही बोलली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटली तेव्हा माझ्याकडे न बघता घागर उचलून गेली. गावात किती घरांचं बोलणं कोंबडीवरून तुटलेलं असतं, हे गावात राहिलेल्यांना सांगायला नको.

संध्याकाळी मी आठ अंडी घेऊन गेले. तिने घेतली, चहा केला. मग ठरलं ते असं. तिच्या वाफ्याला जुन्या मासेमारीच्या जाळ्याचं कुंपण मी घालून द्यायचं, आणि वाफा निघाला की जाळं काढून माझ्या कोंबड्या तिथे सोडायच्या. त्या उरलेसुरले किडे खातात, माती उकरतात, वर खत टाकून येतात. तिचा पुढचा माठ असा आला की निम्मा आमच्याकडे पोचला. गडगा तिथेच राहिला. फक्त त्यातले दोन दगड काढून कोंबड्यांना वाट केली.

माश्या आल्या त्या २०१८ साली. महाबळेश्वरला राज्याच्या खादी आणि ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिथे जाऊन ह्यांनी प्रशिक्षण घेतलं आणि तीन पेट्या आणल्या. (त्याच तालुक्यातलं मांघर हे गाव पुढे २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं.) ज्या माणसाने आयुष्यात डासालासुद्धा घाबरून मच्छरदाणी सोडली नाही, तो माणूस धुराची बंबी हातात घेऊन पेटीचं झाकण उघडतो, हे बघायला डोंबिवलीहून पाहुणे आले होते.

आपल्याकडे मधमाश्या मुख्यतः तीन-चार प्रकारच्या. उंच झाडाला किंवा कड्याला भलंमोठं एकच पोळं लटकवते ती आग्या. तिच्या वाटेला जाऊ नये. झुडपात तळहाताएवढं नाजूक पोळं करते ती फुलोरी. आणि झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधारात एकाशेजारी एक पोळी लावते ती सातेरी. सात थर लावते म्हणून सातेरी, असं सांगतात. पेटीत राहायला तयार होते ती हीच. पेटी म्हणजे तिच्यासाठी केलेली ढोलीच असते. खालच्या मोठ्या कोठ्यात राणी अंडी घालते, पिलावा वाढतो. वरच्या लहान कोठीत मध साठतो. मध काढायचा तो फक्त वरचा, तोही चौकट मधयंत्रात फिरवून, पोळं न मोडता. पूर्वी पोळं पिळून मध काढत, त्यात पिलावाही पिळला जाई. खालच्या कोठ्यातला मध माश्यांचा. त्याला हात लावायचा नाही. पेटीच्या स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, नाहीतर मुंग्या चढतात.

कोंबडी आणि माशी यांच्यात मला नवल वाटतं ते उबेचं. खुडूक कोंबडी अकरा-बारा अंड्यांवर एकवीस दिवस बसते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईने दाणे टिपते आणि परत येते. दिवसातून कितीतरी वेळा ती चोचीने अंडी फिरवते, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखी ऊब लागावी. माश्याही पिलाव्याला ऊब देतात. गारठा पडला की त्या पिलाव्यावर दाटीने बसून अंगाच्या हालचालीने ऊब तयार करतात, आणि उकाडा झाला की दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. बाहेर काहीही असो, पिलाव्यापाशी चौतीस-पस्तीस अंश. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायलाही जवळजवळ कोंबडीइतकेच दिवस लागतात, एखाद-दोन दिवस कमी. एकीची ऊब एकटीची, दुसरीची दहा हजारांची. एवढाच काय तो फरक.

फुलोरा कुठे आहे हे माशी परत येऊन पोळ्यावर नाचून सांगते, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडलं. १९७३ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ती सरळ रेघेत शेपूट हलवत जाते. त्या रेघेच्या तिरकेपणात दिशा असते आणि किती वेळ गेली त्यात अंतर. मी पेटीपाशी बसून हा नाच पाहिला आहे. मला दिशा कळली नाही, पण बाकीच्यांना कळली. त्या भराभर उडून गेल्या, सगळ्या गडग्याच्या दिशेने.

आणि तिथेच खरी गोष्ट सुरू होते. वीस गुंठ्यांत माश्यांचं पोट भरत नाही. सातेरी साधारण एक किलोमीटरच्या टापूत हिंडते. म्हणजे आमच्या माश्यांचं शेत आमचं नव्हतंच. पावसाळा संपला की त्या तेरड्यावर, रानफुलांवर जायच्या, थंडीत काजूच्या आणि आंब्याच्या मोहरावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी जांभळीवर आणि अंजनीवर. माड तेवढा बारा महिने. हे सगळं इतरांच्या जमिनीत. आम्ही मध काढत होतो तो वाडीभरच्या फुलांचा, आणि बाटलीवर ‘आमच्या घरचा’ म्हणून चिठ्ठी लावत होतो. पहिल्या वर्षी तिन्ही पेट्यांचा मिळून आठ किलो निघाला. मी वाडीत घरटी एक लहान बाटली वाटली. तेव्हा ती भेट वाटली होती. आता वाटतं, ते भाडं होतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोलीच्या किनाऱ्याने ते कसं सोसलं, हे तेव्हा वर्तमानपत्रांत आलंच होतं. आम्ही कोंबड्या आदल्या रात्री माजघरात घेतल्या होत्या. दुपारी दिरांच्या घराचे पत्रे उडाले, तेव्हा दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं आणि एक वासरू आमच्याकडे आलं. सहा माणसं, चौदा कोंबड्या आणि एक वासरू, असे आम्ही तीन दिवस एका छपराखाली होतो. वीज त्यानंतर कितीतरी दिवस नव्हती. वादळ थांबल्यावर बाहेर आलो तर आकाश एकदम मोठं झालेलं. माड आडवे, पोफळी मोडलेल्या. एक पेटी विहिरीपाशी फुटून पडली होती. दिरांची हापूसची बावन्न कलमं होती, त्यांच्या वडिलांनी लावलेली. त्यातली एकतीस मुळासकट उपटून पडली. भाऊजी त्यातल्या एका खोडावर बसून राहिले होते. जावेने हाक मारली तरी उठले नाहीत.

नवीन कलम लावलं तरी चांगलं उत्पन्न यायला आठ-दहा वर्षं. भाऊजींचं वय तेव्हा सत्तावन्न.

पुढच्या जानेवारीत, २०२१ मध्ये, राज्यात बर्ड फ्लू आला. परभणीकडे कोंबड्या मेल्या, आणि दापोलीतही मेलेल्या कावळ्यांमध्ये तो सापडल्याची बातमी आली. मी कोंबड्या खुराड्यातच ठेवल्या, कावळा दिसला की धावत होते. लक्ष सगळं आभाळाकडे होतं. आणि घाव आला तो गडग्यापलीकडून.

एका सकाळी नऊच्या सुमाराला मी पेट्यांपाशी गेले. दारासमोर काळपट थर दिसला. आधी वाटलं, पालापाचोळा. जवळ गेले तर माश्या. काही मेलेल्या, जिभा बाहेर आलेल्या. काही पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या. आणि बाहेरून आणखी येत होत्या, पायांना पराग चिकटलेला, दारापर्यंत पोचून पडत होत्या. वाऱ्यावर औषधाचा वास होता. पलीकडे भाऊजींच्या उरलेल्या एकवीस कलमांवर मोहर पूर्ण फुलला होता आणि पंपाचा आवाज येत होता.

मी गडगा कसा ओलांडला मला आठवत नाही. काय काय बोलले तेही सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वादळात तुम्हाला घरात घेतलं, हेही मी बोलले. ते बोलायला नको होतं.

भाऊजींनी पंप बंद केला. तोंडावरचा रुमाल काढला. म्हणाले, “वहिनी, तुमच्या माश्या गेल्या, वाईट झालं. पण तुडतुड्याने हा मोहर गेला तर मी कुठे जाऊ? बँकेला मी मध देऊ का?”

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. मधाच्या आठ किलोंवर आमचं घर चालत नव्हतं. पेन्शनवर चालत होतं. एकवीस कलमांवर त्यांचं चालत होतं. घरी आले. ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हे तरी चिडतील. हे बराच वेळ पेटीसमोरच्या माश्या केरसुणीने गोळा करत राहिले. मग म्हणाले, “पेट्या आणल्या तेव्हा आपण त्याला मध दिला. फवारणी कधी करतोस, असं विचारलं का कधी?”

नव्हतं विचारलं. तीन वर्षं आमच्या माश्या त्यांच्या मोहरावर चरत होत्या आणि आम्ही त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. जावेच्या वाफ्याचा धडा मी कोंबड्यांपुरताच शिकले होते.

पंधरा दिवस बोलणं बंद होतं. मग खुराड्याजवळच्या त्या दोन दगडांच्या वाटेतून एक कोंबडी पलीकडे गेली, ती परत आणून द्यायला भाऊजी स्वतः आले. ओटीवर बसले. ह्यांनी प्रशिक्षणातली वही काढली. मोहर पूर्ण फुललेला असताना फवारणी शक्य तितकी टाळावी, असं कृषितज्ज्ञही सांगतात, कारण फळधारणेला किडे लागतात. आंब्याच्या मोहरावर मधमाशीपेक्षा साध्या माश्याच जास्त काम करतात, हेही ह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. माझ्या मते ते तेव्हा सांगायची गरज नव्हती. पण कदाचित त्यामुळेच भाऊजींचा विश्वास बसला. विष पडलं की दोन्ही मरतात. तेव्हा फवारा मोहर उमलण्याआधी मारायचा. मधे तुडतुडा फारच वाढला आणि मारावाच लागला, तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी. आणि आदल्या दिवशी आम्हाला सांगायचं. म्हणजे आम्ही रात्री पेट्यांच्या दाराला जाळी लावतो, वर ओलं गोणपाट टाकतो, आत पाणी आणि साखरेचा पाक ठेवतो, आणि दुसरा दिवस माश्यांना कोंडून काढतो. त्या दिवशी कोंबड्यांनाही कलमांखाली सोडायचं नाही. एक दिवस निभावतो. त्याहून जास्त नाही.

मराठीतला ‘पाळणं’ हा शब्द बघा. कोंबडी पाळतात, गाय पाळतात, आणि वेळही पाळतात, पथ्य पाळतात, दिलेला शब्द पाळतात. इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात, हे कधी मनात आलं नव्हतं. आमच्या माश्या आम्ही पाळतो असं म्हणायचं. खरं तर संध्याकाळची वेळ पाळून त्या भाऊजी पाळतात. हेडलाइट लावून, गारठ्यात, दिवसभराच्या कामानंतर. त्यांना ते सोयीचं नाही, हे मला माहीत आहे.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. त्या जानेवारीत एक पेटी पूर्ण गेली, दुसरी जेमतेम जगली. ती सावरून तिच्या दोन करायला दोन वर्षं गेली. आणि २०२३ च्या पावसाळ्यात माझा गुडघा धरला, साखरेचा पाक द्यायला आठ-दहा दिवस उशीर झाला, पेटीत मेणकिडा शिरला. एका सकाळी पेटी उघडली तर आत जाळ्या झालेलं पोळं आणि शांतता. पेटी उठली होती. सातेरीचं हे असंच. तिला घर आवडलं नाही तर ती तक्रार करत नाही, निघून जाते. कोंबडी आपल्यावर अवलंबून असते. माशीवर आपला काही हक्क नसतो. तिला आपल्याकडे राहावंसं वाटेल इतकंच आपण करू शकतो. त्या वेळी दोष कुणाचाच नव्हता, माझाच होता. ते एका अर्थी सोपं गेलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत भाऊजींनी गडग्यावरून हाक मारली. त्यांच्या गोठ्याच्या जुन्या मातीच्या भिंतीत, वासे जिथे टेकतात तिथल्या पोकळीत, सातेरीचं मोहोळ येऊन बसलं होतं. आमचंच की रानातलं, कोण सांगणार! मला वाटलं, घेऊन जा म्हणायला बोलावलं. हे बंबी शोधायला लागले. भाऊजी म्हणाले, “राहू देत. गुरांना काही करत नाहीत. फक्त आता फवारणीच्या आदल्या दिवशी मला मलाच सांगावं लागणार.”

ते मोहोळ अजून तिथे आहे. मध कुणी काढत नाही. वादळानंतर लावलेली त्यांची नवी कलमं आता पुरुषभर उंच झाली आहेत. चार-दोन कलमांना यंदा पहिला मोहर आला, भाऊजींनी तो खुडून टाकला, झाड आधी वाढू दे म्हणाले. थेंबांच्या रविवारी आता शेजारच्या वाडीतूनही टोपल्या येतात, शंभरांची कुपी पुरत नाही, दोन आणाव्या लागतात.

काल संध्याकाळी मी मोजत होते. तेरा. पुन्हा मोजल्या, तेराच. माडांमागे पाहिलं, आळवात पाहिलं, काळोख पडायला लागला होता आणि मुंगसाची वेळ झाली होती. तेवढ्यात पलीकडून जावेचा आवाज आला, “अहो वहिनी, तुमची चौदावी आमच्या पडवीत बसलीय. असू दे रात्रभर, मी दार लावून घेते.”

मी खुराड्याची फळी लावली.